आधी बसून हिशेब करा

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांपैकी एक हिंगोलीचे, जागा शंभर. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा. डॉक्टर व्हायचे तर नांदेड, अंबाजोगाई नाही तर त्या वेळचे औरंगाबाद, हीच इथल्या मुलांची वाट होती. आता महाविद्यालय दारात आले. आनंद व्हायला हवा होता. पण आपल्या समाजात बारावीचे मूल असलेल्या घरी कान देऊन पाहा. ‘हिंगोलीत काय शिकणार? चार एकर गेली तरी चालतील, पण नावाजलेल्या कॉलेजात घालू. मुलाच्या भवितव्यापुढे पैशाचे काय?’

हे वाक्य ऐकायला त्यागाचे वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते त्यागाचे नव्हे, अविचाराचे आहे. आणि त्याची किंमत मुलाला चुकवावी लागते, तशी त्याच्या पुढच्या प्रत्येक रुग्णालाही चुकवावी लागते.

प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. पाया घालण्यापूर्वी शांतपणे बसून खर्च जुळतो का हे पाहावे, नाही तर अर्धवट भिंतीपुढे लोक हसतील, असा त्याचा भाव. शिष्यत्वाचे मोल सांगणारा हा दाखला रविवारी प्रवचनात आपण माना डोलावून ऐकतो आणि सोमवारी प्रवेशाच्या रांगेत विसरतो. तर आधी बसू आणि हिशेब करू.

एम.बी.बी.एस. हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यावर एक वर्षाची इंटर्नशिप. राज्यातील शासकीय महाविद्यालयांची फी अलीकडे वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात असते. अभिमत विद्यापीठांत ती वीस लाखांच्या वर जाते. म्हणजे एका बाजूला सात-आठ लाख आणि दुसऱ्या बाजूला नव्वद लाख ते कोटी. वसतिगृह, खानावळ, पुस्तके आणि कर्जावरचे व्याज वेगळेच. देणगी घेण्यास राज्यात १९८७च्या कायद्याने बंदी आहे. पण कायद्याने बंद केलेले दार ‘व्यवस्थापन कोटा’ या नावाने किती रुंद उघडते, हे पालकांना कोणी शिकवायला नको.

या कोटीच्या बदल्यात नेमके काय मिळते? ‘नाव’, असे उत्तर येते. पण एम.बी.बी.एस. हा आज मुक्कामाचा गाव राहिलेला नाही. पुढे एम.डी., एम.एस. करावे लागते आणि त्याची प्रवेशपरीक्षा उमेदवाराला महाविद्यालयाचे नाव विचारत नाही, गुण विचारते. पहिल्याच पायरीवर शेत संपवलेल्या घराकडे दुसऱ्या पायरीसाठी काय उरते? वसमत-कळमनुरीकडची हळदीची जमीन एकदा गेली की ती पुन्हा सातबाऱ्यावर येत नाही.

‘मग सर्वांत स्वस्त तेच उत्तम काय?’ असा प्रश्न कोणी करील. नव्हे. आंधळी काटकसर ही आंधळ्या उधळपट्टीचीच बहीण आहे. महाविद्यालय विद्यार्थ्याला मानवते की नाही हे पाहायलाच हवे. फक्त मानवणे म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवे. डॉक्टरकी संगमरवरी इमारतीत शिकता येत नाही, ती रुग्णाच्या खाटेपाशी शिकावी लागते. म्हणून पालकांनी वेगळे प्रश्न विचारावेत. बाह्यरुग्ण विभागात रोज गर्दी असते का? बाळंतपणे किती होतात? अपघाताचे, सर्पदंशाचे, विष घेतलेले रुग्ण रात्री येतात तेव्हा विद्यार्थ्याला जवळ उभे राहू देतात का? अध्यापक केवळ कागदावर आहेत की वॉर्डात दिसतात? या कसोट्यांवर मराठवाड्याची जुनी शासकीय महाविद्यालये उणी नाहीत. छत्रपती संभाजीनगरचे महाविद्यालय १९५६चे आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय १९७०च्या दशकापासून ग्रामीण रुग्णांवरच उभे आहे. नांदेडचे १९८८चे. शिवाय तिथला रुग्ण आपल्याच बोलीत आपले दुखणे सांगतो. ‘पोटात कालवतं’ आणि ‘पोटात कळ येते’ यांतला भेद ज्याला कळतो, त्याचे अर्धे निदान ऐकण्यातच होते.

हिंगोलीच्या नव्या महाविद्यालयाला मात्र हेच प्रश्न अधिक कठोरपणे विचारावेत. शंभर जागांच्या महाविद्यालयाला राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३च्या निकषांनुसार ४२० खाटांचे रुग्णालय लागते. प्राध्यापक, प्रयोगशाळा, वसतिगृह ही सगळी जुळवाजुळव नव्या ठिकाणी सावकाश होते. पहिल्या तुकड्यांना अडचणी येतील हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या अडचणींवर नागरिकांनी आवाज उठवणे हा उपाय आहे. शेत विकून पळ काढणे हा नव्हे. आणि गुणांच्या बळावर मुंबई-पुण्याच्या जुन्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळत असेल, तर खुशाल तिथे जावे. प्रदेशानुसार जागा वाटणारे ७०:३० चे सूत्र मराठवाड्याच्या मुलांवर अन्याय करीत होते. ते २०२० मध्ये रद्द झाले, ते याचसाठी. फी जिथे सारखी, तिथे दर्जा पाहावा. फी जिथे दहापट, तिथे आधी दहापट कारण मागावे.

तिसरी वाट परदेशाची. ‘तिकडे स्वस्तात होते’ असे सांगणारे दलाल आता तालुक्याच्या गावीही भेटतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून जीव मुठीत धरून परतलेली हजारो मुले आपण दूरदर्शनवर पाहिली. युद्ध सोडा, परतल्यावर जी पात्रता परीक्षा द्यावी लागते, तिच्यात अलीकडच्या बहुतेक वेळा चारांतले सुमारे तीन परीक्षार्थी नापास झाले आहेत. हा आकडा दलालाच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आता मुख्य मुद्दा. कर्ज केवळ खिशात राहत नाही, ते हातात उतरते. कोटी रुपये फेडायचे असलेला तरुण सेनगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कसा बसेल? बसला तरी साध्या तापाला तो किती तपासण्या लिहील? त्याला आपण लोभी म्हणतो. पण त्या लोभाची पहिली सही आई-बापांनी प्रवेशाच्या अर्जावर केलेली असते. शेतमजुराच्या घरून वसूल होणारी ती फी असते. आपल्या वेदीसमोर सेवेची प्रार्थना करायची आणि मुलाला वसुलीच्या गाड्याला जुंपायचे, हा दुटप्पीपणा आपण कधी सोडणार?

आपल्या समाजापुरती ही गोष्ट आणखी बिकट आहे. १९५०च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्या १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, दलित ख्रिस्ती अजून दाराबाहेरच आहेत. म्हणून चुकलेल्या प्रवेशाचा फटका आपल्या घरांना अधिक बसतो. अशा वेळी असलेल्या सवलती न वापरणे हा गुन्हाच होय. आर्थिक दुर्बल, इतर मागास वा सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला. दाखल्यांची जमवाजमव मे महिन्यात नव्हे, अकरावीतच करायला हवी. आपल्या किती धर्मग्रामांत याची एक तरी सभा झाली?

आणि ख्रिस्तसभेलाही दोन शब्द. सेवा आणि शिक्षण यांची सांगड कशी घालावी, हे तिला बाहेरून शिकायचे नाही. डॉक्टर असलेल्या धर्मभगिनी मेरी ग्लोरी यांनी १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभारली. भारतीय बिशपांनी १९६३ मध्ये बंगळूरला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथे कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा आहेत आणि पदवीनंतर दुर्लक्षित भागात दोन वर्षे सेवेचे बंधन आहे. मराठवाड्यातली किती मुले तिथे अर्ज करतात? त्यांना कोणी सांगतच नाही. सणाच्या रोषणाईला, मंडपाला वर्गणी जमते. दर वर्षी एका होतकरू विद्यार्थ्याच्या वसतिगृहाचा खर्च उचलणारा निधी धर्मग्रामांनी मिळून का उभारू नये? बदल्यात दोनच अटी घालाव्यात : जमीन विकायची नाही आणि शिकून दोन वर्षे याच मातीत काम करायचे.

पालकांनो, मुलाला डॉक्टर जरूर करा. पण पदवीचा कागद हाती येईल तेव्हा तो मोकळा असू द्या. ज्याच्या मानेवर जोखड नाही, तोच दुसऱ्याचे ओझे उचलू शकतो.