रिद्धपूरच्या म्हाताऱ्यांचा हक्क

अमरावतीहून निघालेली एस. टी. कपाशी-तुरीची शेते आणि संत्र्यांच्या बागा ओलांडून मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरला पोहोचते, तेव्हा नव्या प्रवाशाला प्रथम दिसते ते वऱ्हाडातील कोणत्याही मोठ्या गावासारखे एक गाव. पारावर बसलेली माणसे, किराणा दुकाने, कृषी केंद्राची पाटी, बाजारासाठी उतरलेल्या बाया. थोडे आत गेल्यावर मात्र या गावाचे वेगळेपण जाणवू लागते. गल्लीच्या वळणावर मठ लागतो, घरांच्या ओळीत मध्येच एक देऊळ उभे असते, शेताकडे जाणाऱ्या वाटेवर एखादा ओटा दिसतो. काळ्या वस्त्रांतील संन्यासी आणि संन्यासिनी समोरून येतात आणि 'दंडवत प्रणाम' म्हणून पुढे जातात. महानुभाव पंथाची ही काशी आहे. पंथाच्या स्थानांनी गाव असे वेढले गेले आहे, की घर कोठे संपते आणि तीर्थ कोठे सुरू होते, हे परक्याला सहजी सांगता येऊ नये.

शिल्पांचे नवल पाहावयास आलेला माणूस येथे कदाचित निराश होईल. ही स्थाने कोणा राजाच्या वैभवाची साक्ष म्हणून बांधलेली नाहीत. श्रीगोविंदप्रभू कोठे बसले, कोठे निजले, कोठे जेवले, कोणाच्या अंगणात रमले, त्या त्या जागी भक्तांनी ओटे घातले आणि त्या ओट्यांभोवती पुढे देवळे उभी राहिली. साध्या माणसाच्या रोजच्या व्यवहाराला पावित्र्य देणारे असे तीर्थक्षेत्र विरळाच. आणि ज्याच्या वावरण्याने या जागा पवित्र मानल्या गेल्या, तो पुरुष गावाला वेडा वाटत होता. जवळच्या काटसुरे गावी जन्मलेला हा पोरका ब्राह्मण मुलगा रिद्धपुरात वाढला आणि पुढे सोवळ्याओवळ्याची सर्व बंधने झुगारून महारामांगांच्या घरी जाऊ-येऊ लागला, त्यांचे अन्न खाऊ लागला. हे चरित्रकारांनी लपविले नाही. उलट आवर्जून नोंदविले. तेराव्या शतकातील वऱ्हाडात हे घडत होते.

चक्रधरस्वामींच्या मागे त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात गोळा झाला. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्या तोंडून घेऊन, १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ, आणि तो रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या स्थानी लिहिला गेला असे परंपरा सांगते. महदाइसेने आपले 'धवळे' येथेच रचले. मराठीची पहिली कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे नारायण व्यास बहाळिये यांनी तर या गावाच्याच वर्णनाचे काव्य केले. अकोला जिल्ह्यातील बाळापूरचे नाव मिरविणाऱ्या विश्वनाथ बाळापूरकरांनी 'ज्ञानप्रबोध' लिहिला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली पाने पुण्यात वा पैठणातच उघडतात असे मानणाऱ्यांनी वऱ्हाडच्या या काळ्या मातीकडे एकदा पाहिले पाहिजे.

परंतु रिद्धपूरचे खरे मोठेपण ग्रंथांच्या यादीत नाही. ते एका नकारात आहे. पंथाचे आचार्य नागदेव यांच्यासमोर केशोबास हे संस्कृतचे पंडित होते. त्यांना पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात मांडावयाचे होते. विद्वत्सभेत मान मिळवावयाचा तर दुसरा मार्ग नव्हता. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. त्यांचे कारण साधे होते: तसे केले तर पंथातल्या म्हाताऱ्या या ज्ञानाला मुकतील. हा भाषाप्रेमाचा उमाळा नव्हता. तो वाटपाचा प्रश्न होता. ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा तो प्रश्न. आणि त्याचे उत्तर देताना आचार्यांनी पंडितांची सोय पाहिली नाही, निरक्षर म्हाताऱ्यांचा हक्क पाहिला. महाराष्ट्रात पुढे ज्ञानाच्या लोकशाहीकरणासाठी ज्या ज्या चळवळी झाल्या, त्यांचे बीज या एका नकारात सापडते.

हेही सांगितले पाहिजे की, खुद्द पंथाला हे व्रत अखेरपर्यंत पेलले नाही. पुढच्या पिढ्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. जे म्हाताऱ्यांसाठी मराठीत आणले, तेच मराठी माणसाला वाचता येईनासे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी आणि पंथातील काही उदार महंतांनी ती कुलपे उघडली, तेव्हा कोठे महाराष्ट्राला आपल्या भाषेचे बालपण दिसले. उघडलेले दार पुन्हा लावले जाऊ शकते, आणि ते लावणारे हात पुष्कळदा रक्षणकर्त्यांचेच असतात, हा रिद्धपूरचा दुसरा धडा.

हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला व्हावे ही जुनी मागणी राज्य सरकारने मान्य केली. २०२३ च्या अर्थसंकल्पात तशी घोषणा झाली आणि २०२४ मध्ये पहिल्या कुलगुरूंची नेमणूक झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. वऱ्हाडच्या एका खेड्याच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. परंतु मान आला की आराखडे येतात, आराखड्यांमागोमाग ठेकेदार येतात, आणि मग 'विकास' नावाच्या देवतेपुढे गाव हात जोडून उभे राहते. अशा वेळी गावाचे काय होऊ शकते, हे जगात एका ठिकाणी घडून गेले आहे.

ते ठिकाण ब्रह्मदेशात आहे. मराठी वाचकाला तो देश परका नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्याच देशात इरावती नदीच्या काठी बागान ही प्राचीन राजधानी आहे. अकराव्या ते तेराव्या शतकांत, म्हणजे गोविंदप्रभूंच्या काळापर्यंत, तेथे हजारो विटांचे स्तूप आणि बौद्ध मंदिरे उभी राहिली. त्यांतील साडेतीन हजारांहून अधिक वास्तूंचे अवशेष आजही त्या कोरड्या मैदानात विखुरलेले आहेत. त्यांच्या मधोमध, जुन्या तटबंदीच्या आत, माणसांचे एक जिते गाव होते. भुईमूग, तीळ पेरणारे, लाखकाम करणारे, देवळांत दिवा लावणारे. रिद्धपूरप्रमाणेच घर आणि तीर्थ तेथे एकमेकांत मिसळून गेले होते.

१९८८ चा लोकशाहीचा उठाव चिरडून सत्तेवर बसलेल्या लष्कराला हे गाव खुपू लागले. १९९० मध्ये जुन्या बागानच्या रहिवाशांना घरे मोडून काही किलोमीटर दक्षिणेच्या शेतजमिनीवर हलविण्यात आले. तिला 'नवे बागान' असे नाव दिले गेले. पुढे त्या मोकळ्या झालेल्या भूमीत हॉटेले आली, प्रवाशांना सूर्यास्त दाखविण्यासाठी उंच मनोरा आला, पडक्या पायांवर कल्पनेने नवी शिखरे चढविली गेली. त्या जीर्णोद्धारावर जगभरच्या जाणकारांनी टीका केली. २०१९ मध्ये युनेस्कोने बागानला जागतिक वारशाचा दर्जा दिला; फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि प्रवाशांचा ओघ आटला. ज्यांना पर्यटनाच्या नावाखाली शेतीपासून आणि घरापासून तोडले होते, त्यांच्या हाती पर्यटनही उरले नाही. देवळे उभी आहेत. त्यांच्या सावलीत नांदलेले गाव मात्र तेथे नाही.

रिद्धपूर म्हणजे बागान नव्हे, हे उघड आहे. येथे लष्करी राजवट नाही, कोणी बंदूक रोखून घरे रिकामी करावयास येणार नाही. पण माणसाला त्याच्या वारशातून हुसकावण्यासाठी प्रत्येक वेळी बंदूक लागतेच असे नाही. मोर्शी-वरूडच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा अतिउपसा झाला आहे. उन्हाळ्यात बागा वाळतात आणि मजुरांच्या हाताचे काम जाते. कापसाच्या भावाचे आणि कर्जाचे दुष्टचक्र या विभागात किती घरे रिकामी करून गेले, हे कार्यकर्त्यांना नव्याने सांगावयास नको. ज्या गावच्या तरुणाला पोटासाठी गाव सोडावे लागते, त्या गावचे तीर्थ कितीही झळाळले तरी ते त्याचे राहत नाही. स्थानांभोवती संगमरवरी फरशा बसविता येतील, कमानी उभारता येतील. पण गोविंदप्रभू ज्या घरांत जाऊन जेवले, त्या घरांच्या आजच्या वारसांची चूल पेटते की नाही, हा प्रश्न कोणत्याही सुशोभीकरणाच्या आराखड्यात बसत नाही.

खुद्द मराठीच्या बाबतीत तर विसंगती अधिकच ठळक आहे. ज्या २०२३ मध्ये विद्यापीठाची घोषणा झाली, त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागविले. लहान वाड्या-वस्त्यांवरच्या या शाळा बहुतांशी जिल्हा परिषदेच्या आणि मराठी माध्यमाच्या आहेत. शिखरावर कळस चढवावयाचा आणि पायातील दगड काढून घ्यावयाचा, हा कोणत्या प्रकारचा जीर्णोद्धार? शाळा पाच-सहा किलोमीटर दूर गेली की घरातल्या मुलीची शाळा आधी सुटते. नागदेवाचार्यांनी ज्या म्हाताऱ्यांची काळजी वाहिली, त्यांच्याच या नाती होत.

याहून एक अवघड प्रश्न अमरावती जिल्ह्यातच, मेळघाटात, उभा आहे. तेथल्या कोरकू मुलाच्या घरी मराठी बोलली जात नाही. पहिलीच्या वर्गात त्याच्यापुढे येणारी प्रमाण मराठी त्याला तितकीच दुर्बोध असते, जितके रिद्धपूरच्या म्हाताऱ्यांना संस्कृत होते. कालची वंचितांची भाषा आज राज्यकर्त्यांची भाषा झाली आहे, हे मराठीच्या अभिमान्यांनी प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आणि येथे बागानच आणखी एक गोष्ट शिकविते. तेथे १११३ चा म्याझेदी नावाने प्रसिद्ध असलेला शिलालेख आहे. दानाचा तो एकच मजकूर पाली, प्यू, मोन आणि ब्रह्मी अशा चार भाषांत कोरला आहे, प्रत्येक भाषेला दगडाची एक बाजू. त्यांतील मोन ही कोरकूच्याच ऑस्ट्रो-आशियाई कुळातील दूरची बहीण. नऊशे वर्षांपूर्वीच्या राजपुत्राने धर्मभाषेच्या बरोबरीने लोकभाषांना दगडावर जागा दिली. मग विसाव्या-एकविसाव्या शतकातील लोकशाही राज्याने कोरकू मुलाला पहिलीच्या पुस्तकात जागा देऊ नये काय?

तेव्हा रिद्धपूरच्या विद्यापीठाची कसोटी त्याच्या इमारतींवरून लागणार नाही. मठांतील पोथ्यांचे जतन आणि प्रकाशन होऊन त्या कोणाही वाचकाला खुल्या होतात की नाही. गावच्या आणि पंचक्रोशीच्या मुलामुलींना तेथे प्रवेश आणि काम मिळते की नाही. कोरकू, गोंडी, वऱ्हाडी यांचा तेथे अभ्यास होतो तो संग्रहालयातील वस्तू म्हणून, की जितीजागती बोली म्हणून. आणि त्या अभ्यासातून मेळघाटातील शिक्षकाच्या हाती एखादे उपयोगी पुस्तक पडते की नाही, यावरून ती लागेल. गावाच्या विकासाचा जो आराखडा होईल, तो मंत्रालयात शिजून खाली येता कामा नये. तो ग्रामसभेपुढे, समजेल अशा मराठीत, वाचला गेला पाहिजे. आणि एकही घर त्याच्या मालकाच्या राजीखुशीवाचून हलविले जाता कामा नये.

कार्यकर्त्यांनी हे काम विद्वानांचे म्हणून सोडून देऊ नये. वाडीवरची शाळा टिकविण्याची मागणी, संत्रापट्ट्यातील पाण्याची मागणी आणि विद्यापीठाच्या दारात गावाला जागा मिळण्याची मागणी या तीन वेगळ्या मागण्या नाहीत. साडेसातशे वर्षांपूर्वी रिद्धपुरात ज्ञानाचे वाटप करताना रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या म्हातारीचा विचार प्रथम केला गेला. आज सत्कार, कमानी आणि कोनशिला यांच्या गर्दीत ती म्हातारी कोठे उभी आहे, हे शोधून तिला पुढे आणणे एवढेच काम आहे. परंतु ते झाल्यावाचून रिद्धपूरचे कोणतेही वैभव खरे नव्हे.