विज्ञान आणि संसार : निर्मळ दिसणारे पाणी

सांगानेरी छापाची एखादी ओढणी अथवा चादर आपल्या घरी असेल. जयपूरच्या दक्षिणेकडील सांगानेरने ही ठसेछपाईची कला शतकानुशतके जपली आहे. पुढे रासायनिक रंग आले, कारखाने वाढले. त्यांचे आणि शहराचे सांडपाणी द्रव्यवती नदीत, म्हणजेच अमानीशाह नाल्यात, मिसळू लागले. याच पाण्यावर काठच्या मळ्यांत भाजीही पिकविली गेली. त्या भाजीत शिसे, कॅडमिअम यांसारखे धातू संशोधकांना आढळले आहेत.

पाण्यातला रंग डोळ्यांना दिसतो. विरघळलेले शिसे दिसत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, शिसे मात्र भांड्यातच राहते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात ते ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूस त्याचा धोका सर्वाधिक असतो.

मग हे अदृश्य विष ओळखावे कसे? येथे विकर, म्हणजे एन्झाइम, उपयोगी पडते. १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी एका शेंगेच्या बियांतून युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले. ते युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करते. विद्युत् अग्रावर हे विकर बसविले, की त्याच्या कामाचा वेग विद्युत् संकेताच्या रूपाने मोजता येतो. पाण्यात पारा, तांबे यांसारखे धातू असतील, तर ते विकराला चिकटतात आणि त्याचे काम मंदावते. ही मंदी हीच धोक्याची सूचना होय.

मधुमेहींच्या घरी असलेले रक्तशर्करा मोजण्याचे यंत्रही विकरावरच चालते. तेथे साखर वाढली की संकेत वाढतो. येथे विष वाढले की संकेत घटतो.

परंतु ही सूचना म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. विकर तापमानाने वा आम्लतेनेही मंदावते, आणि धातू नेमका कोणता, हेही ते सहसा सांगू शकत नाही. तो निर्णय प्रयोगशाळेनेच द्यावयाचा असतो.

म्हणून वाचकहो, विहीर वा कूपनलिका कारखान्यांच्या नाल्याजवळ असेल, तर पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या जलपरीक्षण प्रयोगशाळेत द्यावा आणि धातूंचीही तपासणी हवी, असे आवर्जून सांगावे. नेहमीच्या तपासणीत ती असतेच असे नाही. पाणी निर्मळ दिसते, एवढ्यावर घरातील मुलांचे आरोग्य सोपवू नये.