लकव्यानंतरची साखर

यंदाच्या थंडीत फज्रच्या नमाजीसाठी उठलेले माझे मामू वुजू करता करता भिंतीला टेकले. तोंड डावीकडे ओढलेले, उजवा हात लुळा, बोलणे अडखळते. "शुगर उतरली वाटतं," म्हणत मुमानीने चमचाभर मध आणि वर आबे जमजम त्यांना पाजले. मामूंना असा ठसका लागला की श्वासच कोंडला.

लकव्यात बऱ्याचदा गिळण्याची ताकद जाते. घोटभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. दवाखान्यात रुग्णाला नीट गिळता येते का हे तपासल्याशिवाय तोंडाने काही देत नाहीत, ते यासाठीच. पण मुमानीची शंका अगदीच चुकीची नव्हती. साखर फार खाली गेली तर हुबेहूब लकव्यासारखी लक्षणे दिसू शकतात, म्हणून डॉक्टरही आधी बोटाला सुई टोचून साखर बघतात. घरात यंत्र असेल तर आपणही बघावी, मात्र त्यापायी गाडी थांबवू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात, आणि तेही सगळ्यांना चालत नाही.

मामूंची साखर निघाली २६८. त्यांना मधुमेह आहे हे कुणालाच माहीत नव्हते. मेंदूला मार बसला की शरीर धास्तावते, ताणाचे हार्मोन वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही साखर या वेळी चढू शकते. ही तात्पुरती चढ की जुने दुखणे, ते एचबीएवनसी सांगते, कारण त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. साडेसहा किंवा वर म्हणजे मधुमेह. मामूंची ८.१ आली. दुखणे घरातच होते, तपासले कुणी नव्हते.

माझा मामेभाऊ डॉक्टरांच्या मागे लागला, "इन्सुलिन वाढवून एकदम शंभरवर आणा ना." डॉक्टर म्हणाले, सध्या १४० ते १८० मध्ये राहिली तरी पुरे. मला तेव्हा ही टाळाटाळ वाटली. नंतर वाचले, तर अमेरिकेत अकराशेहून अधिक रुग्णांवर हेच करून पाहिलेले. एका गटाची साखर ८० ते १३० मध्ये ठेवली, दुसऱ्याची १८० च्या खाली. २०१९ मध्ये निकाल छापून आला. तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत दोन्ही गटांत फरक नव्हता, उलट कडक गटात काहींची साखर धोक्याइतकी खाली गेली. मेंदू साखरेवरच चालतो. जखमी मेंदूची तीच तोडली तर त्याने सावरायचे कशावर?

घरी आल्यावर वेगळीच परीक्षा. इयादतीला येणारा रिकाम्या हाताने येत नाही! खजूर, हलवा, फळांचा रस. नको म्हटले तर माणूस दुखावतो, म्हणून मुमानी गप्प. दुपारी साखर तीनशेच्या पुढे, आणि व्यायाम घेणारा मुलगा यायच्या वेळेला मामू पेंगलेले. हातपाय परत मिळवायचे सुरुवातीचे तीन महिने फार मोलाचे, त्यातले दोन आठवडे आम्ही असे घालवले. मग एकदा उलटे झाले. इन्सुलिन घेतले, जेवण अर्धवट टाकले आणि चालता चालता मामूंना दरदरून घाम फुटला. साखर ५८. एव्हाना त्यांना नीट गिळता येत होते आणि ते शुद्धीवर होते, म्हणून पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली.

तेव्हापासून मामेबहिणीने वही घातली. वेळ, साखर, काय खाल्ले, किती पावले चालले. आणलेला खाऊ शुक्रिया म्हणून घ्यायचा आणि शेजारच्या मुलांत वाटायचा, असे ठरले. कुणी रुसले नाही.

रमजान आला तसे मामूंनी रोज्याचा हट्ट धरला. डॉक्टर नको म्हणाले. मौलानांनीही आजाऱ्याला सवलत असल्याची आठवण दिली. बरे झाल्यावर कजा, आणि ते जमण्यासारखे नसेलच तर फिदिया. मामू दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पहिल्या इफ्तारला मात्र दस्तरखानावर येऊन बसले. समोर अर्धा खजूर ठेवला होता. उजव्या हाताने तो उचलताना दोनदा निसटला. मुमानीने हात पुढे केला नाही, नजर ताटलीवर ठेवली. तिसऱ्यांदा तो मामूंच्या तोंडापर्यंत पोचला.