जुलूम कायदेशीरही असतो



‘निवडून आलेल्या आणि कायद्याने चालणाऱ्या सरकारला जुलमी म्हणता येत नाही,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मुळीच पटत नाही. १९७५ची आणीबाणी राज्यघटनेच्या कलम ३५२ खालीच पुकारली गेली होती. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने स्थानबद्धांची दाद मागण्याची वाटच बंद केली. विरोधात उभे राहिले ते एकटे न्या. खन्ना. कराडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरोधी नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी सभेला प्रार्थनेला उभे करणाऱ्या अध्यक्ष दुर्गा भागवतांनाही पुढे तुरुंगात जावे लागले. सत्ता कशी मिळाली यावरून नव्हे, तिला जाब विचारता येतो की नाही यावरून जुलूम ओळखावा.

— एक वाचक, सातारा