गवताला वाली कोण?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने नवी दिल्लीतील मंत्रालयांना एक साधा प्रश्न विचारायला हवा : भारतातील गवताळ प्रदेश नेमके कोणाचे? जमीन कोठे महसूल खात्याची, कोठे वनखात्याची. तिच्यावर चरणारी जनावरे पशुसंवर्धन विभागाची. तीच जमीन ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली की ग्रामविकास मंत्रालयाच्या भूसंसाधन विभागाची, आणि तिच्यावरचा माळढोक वा काळवीट पर्यावरण मंत्रालयाचा. गवत मात्र कोणाचेच नाही.

नियोजन आयोगाच्या गवताळ प्रदेश व वाळवंटविषयक कृती गटाने २००६ मध्ये हेच दुखणे सांगितले होते. ही भूमी सर्वांची असूनही तिची जबाबदारी कोणाचीच नाही, असा त्या अहवालाचा आशय होता. त्यानंतर आयोग इतिहासजमा झाला, सरकारे बदलली. दुखणे कायम राहिले. २०१९ मध्ये दिल्लीशेजारी ग्रेटर नोएडात वाळवंटीकरणविरोधी जागतिक परिषद भरली. त्या वेळी समोर आलेल्या भारताच्याच आकडेवारीनुसार २००५ ते २०१५ या दशकात देशातील गवताळ क्षेत्र सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांवरून १ कोटी २३ लाख हेक्टरांवर आले, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश घटले. जंगल एवढे घटल्याची नोंद झाली असती, तर संसदेत गदारोळ माजला असता. गवताबाबत तसे काही घडले नाही.

याचे मूळ व्याख्येत आहे. एक हेक्टरहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षांचे छत्र दहा टक्के वा अधिक, ते वनाच्छादन, असा भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा निकष आहे. मालकी कोणाची आणि झाड कोणते, याला त्यात महत्त्व नाही. साहजिकच आमराई वनाच्छादनात धरली जाते. शेकडो वर्षांचा जिवंत माळ धरला जात नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने देशाच्या एक तृतीयांश भूमीवर वृक्षाच्छादनाचे लक्ष्य ठेवले आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळाने ‘ओसाड’ जमिनी हिरव्या करण्याचा ध्यास घेतला. २०१९ च्या पडीक भूमी नकाशासंग्रहात ५ कोटी ५७ लाख हेक्टर भूमी पडीक ठरली आहे. झुडपी माळराने आणि चराऊ कुरणांचा मोठा हिस्सा तिच्यातच येतो. एखादी जमीन कागदोपत्री पडीक झाली, की तिच्यावर वृक्षारोपण किंवा सौर प्रकल्प होणे हे कोणालाही नुकसान वाटत नाही. उलट तो विकास ठरतो.

दिल्लीकरांना याचा पुरावा पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. राजधानीच्या रिजवर पसरलेला विलायती कीकर वरवर हिरवा दिसतो, पण त्याने अरवलीची स्थानिक झाडे, झुडपे आणि गवते दडपून टाकली आहेत. याच झाडाने कच्छच्या बन्नीत काय केले, हे त्याहून बोलके आहे. सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांच्या या गवताळ प्रदेशात खाऱ्या जमिनीची आगेकूच रोखण्यासाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी वनखात्याने ते लावले. आज तेथील मालधारी त्याला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ म्हणतात. कांकरेज गाई आणि बन्नी म्हशी ज्या गवतावर पोसल्या गेल्या, ते या बाभळीने गिळले. हेतू वाईट नव्हता. गवत म्हणजे मोकळी जागा, ही समजूत घातक ठरली.

हानी झाली तशी ती भरूनही काढता येते, हे कान्हाने सिद्ध केले आहे. मध्य प्रदेशातील या राष्ट्रीय उद्यानात १९७० मध्ये कडक जमिनीवर राहणारे बारशिंगे अवघे ६६ उरले होते. जगात त्यांचा दुसरा कळप नव्हता. हा प्राणी जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगतो आणि पाडसे उंच गवतात लपवतो. केवळ शिकार थांबवून तो वाचणार नव्हता, त्यासाठी गवत परत आणणे भाग होते. गावे हलवली गेली, त्यांची शेते कुरणे झाली, आग आणि चराई यांवर नियंत्रण आले, बारशिंग्यांसाठी कुंपणबंद क्षेत्र राखले गेले. आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. २०१५ पासून सातपुड्यात आणि २०२३ पासून बांधवगडमध्ये तेथील बारशिंगे नेऊन सोडण्यात आले. वाघांच्या गाजावाजात झाकलेले हे यश मुळात गवताचे आहे.

मात्र गाव उठले की गवत आपोआप येत नाही. सोडलेल्या शेतात आधी तरोटा आणि रानतुळस माजते, कडेने घाणेरी सरकत येते. ही तणे बी धरण्यापूर्वी मुळासकट उपटावी लागतात, आणि तीही सलग काही वर्षे. मारवेल, पवन्या, डोंगरी अशा स्थानिक गवतांचे बी आसपासच्या रानातून गोळा करून पेरावे लागते. पुढेही कापणी, मर्यादित जाळणे आणि घुसणारी रोपटी काढणे चालू ठेवावे लागते, नाहीतर कुरणाचे झुडपी रान होते. मेळघाटात बोरी, कोहा आणि कुंड या गावांच्या पुनर्वसनानंतर तेथील मोकळ्या जागा वन्यप्राण्यांची कुरणे झाली. मध्य प्रदेशातील कुनोचेही तसेच. तेथे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातील आठ चित्ते उतरले, ते बऱ्याच अंशी सहरिया आदिवासींच्या जुन्या शेतांवर वाढलेल्या गवताजवळ. ती २४ गावे गीरच्या सिंहांसाठी उठवली गेली होती. सिंह आलेच नाहीत.

या प्रश्नाची सर्वात अवघड बाजू हीच आहे. संरक्षित क्षेत्रांतील समृद्ध कुरणांची किंमत बैगा, गोंड, कोरकू आणि सहरिया यांनी मोजली आहे. कोणते गवत कोणत्या महिन्यात कापावे, कोठे जाळावे आणि कोठे जाळू नये, हे ज्यांना ठाऊक, त्यांनाच बाहेर काढून गवत राखण्याचे काम हंगामी मजुरांवर सोपवले जाते. दुसरीकडे, अमर्याद चराई आणि दरसालचे वणवे चालू राहिले असते तर कान्हाचा बारशिंगा वाचला नसता, हा वनाधिकाऱ्यांचा युक्तिवादही नाकारता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांसह वननिवासींचे चराईचे हक्क मान्य केले आणि अतिमहत्त्वाच्या वन्यजीव अधिवासासाठी वेगळी प्रक्रियाही सांगितली. दोन्हींचा मेळ घालण्याची वाट कायद्यात आहे. तीवर चालण्याची तयारी प्रशासनात अभावानेच दिसते.

नुसती रेषा आखून गवत वाचत नाही, हे महाराष्ट्राने माळढोकच्या बाबतीत अनुभवले आहे. १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शहरे, बागायती असे सारेच आले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. लोकांचा रोष ओढवला, आणि नान्नजच्या ज्या माळावर पक्षी होता तेथेही झाडे लावण्याचा मोह आवरला गेला नाही. आज राज्यात माळढोक दिसणे हीच बातमी ठरते.

कायदेमंडळाने संधी साधल्या नाहीत असे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची संकल्पना प्रथमच कायद्यात आणली आणि त्यांचे नियमन करण्याचे अधिकार केंद्राला दिले. विलायती कीकर आणि घाणेरी यांच्याविरुद्ध ते वापरता येतील. पण २०२३ मध्ये वन संवर्धन कायद्यात बदल करताना विधेयक संयुक्त समितीकडे गेले, दोन्ही सभागृहांत संमत झाले, त्याचे नावही बदलले, तरी ‘गवताळ प्रदेश’ ही स्वतंत्र परिसंस्था म्हणून त्यात आली नाही. त्यानंतरच्या हरित पत योजनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत झुडपी व पडीक जमिनीवर हेक्टरी किमान १,१०० झाडांचे बंधन होते. ज्या माळावर दहा झाडेही निसर्गाला मान्य नाहीत, तेथे अकराशे लावणाऱ्यास बक्षीस, असा त्याचा अर्थ होता.

उपाय खर्चाचे कमी आणि निर्धाराचे अधिक आहेत. गवताळ प्रदेशाची कायदेशीर व्याख्या करून त्याला पडीक भूमीच्या यादीतून वगळावे. वनांप्रमाणे दर दोन वर्षांनी त्याचीही पाहणी व्हावी. भरपाई वनीकरणाच्या निधीतून कुरणांचे पुनरुज्जीवन करणाऱ्या अधिकाऱ्याचे काम रोपांच्या संख्येवर नव्हे, तर परतलेल्या गवताच्या जातींवर मोजले जावे. झाड जळले की त्यातील कर्ब हवेत जातो. गवताचा बराचसा कर्ब जमिनीखाली सुरक्षित राहतो. हवामान करारांत झाडांच्या भरवशावर आश्वासने देणाऱ्या सरकारने एवढे तरी ध्यानात घ्यावे. आणि विस्थापितांना त्यांच्याच जुन्या रानात गवत राखण्याचे मानाचे, कायमचे काम द्यावे.

कान्हात जे झाले ते काही चिकाटीच्या अधिकाऱ्यांमुळे झाले. असा अधिकारी बदलून गेला की त्याच्यामागे गवतही जाते, हा अनुभव सेवेतील अनेकांच्या गाठीशी असेल. व्यक्तीच्या आवडीवर तगलेली गोष्ट धोरणात उतरवणे हेच शासनाचे काम असते. गवताच्या बाबतीत ते अद्याप सुरूही झालेले नाही.