उधारीची वही

परवा शनिवारी निमगाव केतकीला, घरी गेलो. आईला म्हटलं, "चल, गाडी आहे, बारामतीच्या मॉलमधनं महिन्याचं सामान आणू." आई म्हणाली, "आणि काकांच्या दुकानातनं काय, नुसती मिठाची पुडी आणायची?"

मी हिशोब मांडला. तेल, साखर, साबण धरून चार-पाचशे तरी वाचले असते राव! आईने वहीची आठवण करून दिली. उसाचं बिल 14 दिवसांत द्यावं, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. पण ते लांबलं की आमचं घर काकांच्या वहीवर चालायचं. नोव्हेंबर 2016 मध्ये 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या, तेव्हाही काकांनी माल दिला आणि नुसतं लिहून ठेवलं. मी तेव्हा इंजिनीअरिंगला. होस्टेलवर आलेला चिवडासुद्धा त्याच उधारीच्या पोह्यांचा!

आता मुद्दा. काकांना होलसेलवाल्याचे पैसे द्यावेच लागतात. ते येतात कुठून? रोखीच्या गिऱ्हाइकांकडून. माझ्यासारखे पगारदार मॉलला गेले की दुकानात उरतात फक्त उधारीवाले. मग एक दिवस पाटी लागते, 'उधार बंद'. म्हणजे माझे पाचशे वाचतात आणि पानमळ्यात रोजाने जाणाऱ्या बाईची वही बंद होते.

काका थोडे महाग आहेत, मान्य. पुण्यात मीही मोबाइलवरच सामान मागवतो, उगाच साधूपणा नको. पण गावच्या घराचं सामान गावातच घ्यायचं ठरवलंय, तेही रोखीनं. बघा, पटतंय का...