आपला आज्ञाधारक

रजेच्या अर्जाच्या शेवटी तुम्ही काय लिहिता? ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’. तापानं फणफणलेला असो, नाहीतर मामाच्या लग्नाला निघालेला असो, अर्ज करणारा आज्ञाधारकच! त्यामुळं हा शब्द पार गुळगुळीत झालाय. सांगितलं ते मुकाट्यानं ऐकायचं, एवढाच अर्थ उरलाय त्याला.

ख्रिस्ती घरांत मात्र ‘देवाच्या आज्ञेत राहणं’ हे शब्द रोजच्या प्रार्थनेतले. त्यांचा अर्थ काय, ते एका बाईंच्या आयुष्यात बघू या.

लातूरहून रेल्वेनं पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८५८ साली जन्मल्या. आईनंच त्यांना संस्कृत शिकवलं. पुढं १८७४ ते १८७७ या काळात दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. दुष्काळ म्हणजे काय हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, आईबाबांना विचारा.

रमाबाई भावाबरोबर पायी भारतभर हिंडल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आता त्या तिथल्या धर्मगुरूंचं सगळं ऐकतील असं लोकांना वाटलं. पण छे! तुम्ही पुरुषांना शिकवू नका, असं बिशप म्हणाले, तेव्हा रमाबाईंनी पत्रांतून वाद घातला. देवाची आज्ञा मानीन, पण विचार करायची बुद्धी माझी मी राखून ठेवली आहे, असा त्यांचा सूर होता. जेवणही शाकाहारीच ठेवलं.

परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवण्यासाठी. पुढं ते पुण्याला नेलं. इथं धर्म शिकवणार नाही, असा त्यांचा शब्द होता. स्वतःची प्रार्थना त्या आपल्या खोलीत करत, दार मात्र उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. गावात बोंब झाली. १८९३ साली कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकरांसारखी मोठी माणसंही बाजूला झाली. मला त्या पालकांची भीती समजते. मुली विश्वासानं ठेवल्या होत्या ना! पण रमाबाईंचीही अडचण बघा. दार लावून घेतलं असतं तर सगळं निभावलं असतं. देवाशी बोलायचं ते लपून का, म्हणून त्यांनी ते लावलं नाही.

१८९६च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. लहानपणी आपण जे भोगलं ते डोळ्यांसमोर असताना गप्प कसं बसायचं? केडगावच्या शेतावर त्या मुलींची सोय झाली. शिकायचं आणि कामही करायचं. विणकाम, शेती, छापखाना, सगळं मुलीच बघत.

मग वयाच्या चाळिशीनंतर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसल्या! मराठीत बायबल होतं, पण खेड्यातल्या बाईला ते जड जाई. एवढी संस्कृत येणारी बाई, पण अवघड शब्द एकेक करून बाजूला काढू लागली. (भाषांतर करून बघा एकदा, सोपं लिहिणंच अवघड असतं.) हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तिच्यावरच पुढचं सगळं सोपवायचं होतं. त्याही दुःखात रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

पूर्ण बायबल छापून निघालं १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यात. खिळे जुळवले होते मुक्तीतल्या मुलींनी.